टीव्हीला ‘नको’ म्हणणारं गाव

मुलांनो, घरात नकाशांची वही किंवा पृथ्वीचा गोल असेल तर आधी तो जवळ ओढा. आज आपल्याला फार लांब जायचंय, आणि जायला रस्ता नाही. म्हणजे रस्ता खराब आहे असं नव्हे, खरोखरच नाही!

सापडला कॅनडा? आता त्याच्या डोक्याकडे बोट न्या. हडसन नावाचा मोठा उपसागर दिसेल. त्याच्याही वर चढा. मेल्व्हिल नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याच्या उजव्या हाताला बॅफिन हे भलंमोठं बेट आहे. या दोघांच्या मध्ये, डोळे बारीक करून पाहिलंत तर, एक ठिपका दिसेल. लहान नकाशात तोही दिसणार नाही. त्या ठिपक्याचं नाव इग्लूलिक. आपली मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, इग्लूलिक आहे ६९ अंशांच्याही थोडं वर. उत्तरध्रुववृत्त साडेसहासष्ट अंशांवर असतं हे भूगोलात शिकला आहात ना? म्हणजे इग्लूलिक त्याच्याही पलीकडे.

तिथे जायचं तर कॅनडाची राजधानी ओटावा इथून विमानात बसायचं. तीनेक तासांनी इकालुइत हे गाव येतं. तिथून छोट्या विमानानं आणखी वर जायचं. उन्हाळ्यात समुद्रातलं बर्फ वितळलं की जहाज येतं आणि वर्षभराचा जड माल टाकून जातं. या सगळ्या प्रदेशाचं नाव नुनावुट, म्हणजे ‘आपली भूमी’. १ एप्रिल १९९९ रोजी तो कॅनडाचा वेगळा प्रदेश झाला. आपल्या महाराष्ट्रासारखे जवळजवळ सात महाराष्ट्र त्यात मावतील, एवढा तो मोठा आहे. आणि माणसं किती असतील? २०२१ च्या जनगणनेत छत्तीस हजार आठशे अठ्ठावन्न! आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून जास्त असतात. ही माणसं पंचवीस वस्त्यांत विखुरलेली आहेत आणि कुठलीही एक वस्ती दुसरीला रस्त्यानं जोडलेली नाही. खुद्द इग्लूलिकची वस्ती जेमतेम दोन हजार.

इथली बहुतेक माणसं इनुइट. पूर्वीच्या पुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटलेलं आढळेल, पण ते नाव त्यांना आवडत नाही, तेव्हा आपणही ते वापरू नये. ‘इनुक’ म्हणजे एक माणूस, ‘इनुइट’ म्हणजे माणसं. त्यांच्या भाषेचं नाव इनुक्टिटुट. आणि एक गंमत, ‘इग्लू’ म्हणजे नुसतं घर बरं का! बर्फाचंच असलं पाहिजे असं काही नाही. सिमेंटचं, लाकडाचं, कुठलंही घर इग्लूच. इग्लूलिक म्हणजे जिथे घरं आहेत ती जागा. आता तिथे आपल्यासारखीच खोल्या-खिडक्यांची घरं आहेत, शाळा आहे, दुकान आहे. खाण्यात मात्र सील, रेनडिअरच्या जातीचा कॅरिबू, मासे आणि वॉलरस. वॉलरसचं मांस जमिनीत पुरून महिनोन्‌महिने मुरवतात, त्याला इगुनाक म्हणतात. त्याचा वास म्हणे फार जबरदस्त असतो. नाक मुरडू नका! आपल्या कोकणातल्या घरात सुकट भाजायला घेतली की परगावचा पाहुणा कसं तोंड करतो, ते आठवा.

हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या शेवटी, इथला सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या मध्यावर परत उगवतो. मधल्या दिवसांत दुपारी थोडंसं फटफटल्यासारखं होतं, तेवढंच. थंडी शून्याखाली तीस अंश. अशा ठिकाणी दूरची बातमी, दूरच्या माणसाचा आवाज येणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करा.

आधी आला रेडिओ. तोसुद्धा इनुइटांसाठी आला नव्हता. उत्तरेत पोलीस, मिशनरी, कातड्यांचे व्यापारी असे बाहेरचे लोक राहत. त्यांची पत्रं वर्षातून एकदा-दोनदा पोहोचत. म्हणून १९३३ पासून हिवाळ्यात रेडिओवर एक कार्यक्रम होऊ लागला. घरच्यांनी पाठवलेले निरोप निवेदक वाचून दाखवायचा. अमक्याला मुलगी झाली, तमक्याची आई आता बरी आहे, असे. सगळ्या देशानं ऐकावं आणि एकानंच रडावं असा प्रकार! पुढे १९३६ साली कॅनडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिला सगळे सीबीसी म्हणतात. आपली आकाशवाणी आणि दूरदर्शन एकत्र केली तर कशी होईल, तशी ही सार्वजनिक संस्था. १९५८ मध्ये सीबीसीनं उत्तरेसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि १९६० साली इनुक्टिटुट भाषेतले पहिले कार्यक्रम लघुलहरींवरून सुरू झाले.

लघुलहरी का, ते सांगते. आपण एफएम ऐकतो त्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या फार लांब पोहोचत नाहीत. लघुलहरी वर आकाशात जातात, तिथल्या विद्युतभारित थरावर आपटतात आणि चेंडूसारख्या परत खाली येतात. त्यामुळे हजारो किलोमीटर जाऊ शकतात. पण उत्तरेत एक अडचण. रात्री आकाशात हिरवे-जांभळे पडदे हलावेत तसा ध्रुवीय प्रकाश दिसतो, तो ज्या सौरकणांमुळे दिसतो, तेच कण या थराची घडी विस्कटून टाकतात. मग रेडिओवर नुसती खरखर! बाहेर आकाश इतकं सुंदर आणि घरात निवेदक गायब.

तरीही रेडिओ तिथल्या लोकांनी आपलासा केला. तो ऐकत ऐकत कातडं शिवता येतं, सुरी परजता येते. शिवाय बोलणारा आपल्या भाषेत बोलतो. पुढे वस्त्यावस्त्यांतून गावचे छोटे रेडिओही निघाले. त्यांच्यावर कोण शिकारीला गेलं आणि अजून परतलं नाही, विमान आज येणार की नाही, कुणाचं काय हरवलं, अशा बातम्या असतात आणि हो, घरोघरी बसून खेळायचा बिंगोसुद्धा!

टीव्हीची गोष्ट वेगळी.

१९६७ मध्ये सीबीसीनं उत्तरेत टीव्ही नेला तो डब्यात घालून! म्हणजे काय, तर दक्षिणेत रोजचे चार तासांचे कार्यक्रम टेपवर उतरवायचे, टेपा विमानात टाकायच्या आणि एका गावात दाखवून झाल्या की पुढच्या गावाला पाठवायच्या. लायब्ररीतलं एकच पुस्तक वर्गभर फिरावं तसं. तिकडे बर्फावरच्या हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटसारखंच आहे. सामना टीव्हीवर दिसेपर्यंत कोण जिंकलं हे रेडिओवर कधीच कळून चुकलेलं असायचं.

मग ९ नोव्हेंबर १९७२ च्या रात्री कॅनडानं उपग्रह सोडला. त्याचं नाव अनिक, इनुक्टिटुट भाषेत ‘भाऊ’. बहीण भावाला ज्या नात्यानं हाक मारते, तो शब्द. पृथ्वीबरोबर त्याच वेगानं फिरणारा आणि एखाद्या देशानं केवळ स्वतःच्या दळणवळणासाठी वापरलेला हा जगातला पहिला उपग्रह होता. त्याच्या महिनाभर आधी, २ ऑक्टोबर १९७२ ला, आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं, हे तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल.

इथे एक प्रयोग करा. गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करा. असे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. आपण विषुववृत्ताच्या त्या मानानं जवळ, म्हणून आपल्याला ते आकाशात चांगले वर येतात, दिसत नसले तरी! आता हात समोर ताठ करा, मूठ वळा आणि मुठीची खालची कड क्षितिजावर टेकवा. मुठीची वरची कड जिथे येते, ते साधारण दहा अंश. इग्लूलिकमध्ये अनिक एवढाच वर होता. म्हणून तिकडच्या तबकड्या आकाशाकडे बघण्याऐवजी समोर टेकडीकडे बघितल्यासारख्या दिसतात. आणखी बरंच उत्तरेला, ८१ अंशांच्या पुढे गेलात, तर हे उपग्रह क्षितिजाखालीच जातात.

तर, अनिक वर गेला आणि १९७४ मध्ये ठरलं की पाचशे किंवा त्याहून जास्त वस्तीच्या प्रत्येक गावाला सीबीसीचा टीव्ही द्यायचा. गावंच्या गावं खूश झाली. घरोघरी संच आले. १९७५ साली इग्लूलिकची पाळी आली. गावानं मतदान घेतलं.

गाव म्हणालं, नको!

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली, तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग एक मुलगा उभा राहून म्हणाला, “पण बाई, मग ते मॅच कशी बघायचे?” सगळा वर्ग हसला. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आकाशातून आपोआप येणारी वस्तू, अख्ख्या देशाला मिळणारी, ती कुणी का नाकारेल?

त्याचं असं आहे. त्या टीव्हीवर दिवसभर जे काही यायचं ते इंग्रजीत. एका शब्दाचाही इनुक्टिटुट नाही. शहरातल्या मोटारी, शहरातली भांडणं, सूट घातलेली माणसं. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यातलं काही कळणार नव्हतं, आणि मुलांना मात्र हळूहळू सगळं कळायला लागणार होतं. शेजारच्या वस्त्यांत काय झालं ते इग्लूलिकच्या लोकांनी पाहिलं, ऐकलं होतं. संध्याकाळी एकमेकांकडे जाऊन बसणं कमी झालं. आजोबा गोष्ट सांगतायत आणि नातवंडांची नजर पडद्यावर.

शाळांचं तर आधीच झालेलं होतं. त्या काळात अनेक शाळांमधून इनुइट मुलांना आपल्या भाषेत बोलायला मनाई असे, बोललं तर शिक्षा होई. कितीतरी मुलांना घरापासून दूर, वसतिगृहांच्या शाळांत नेऊन ठेवलं होतं. सकाळी शाळा इंग्रजी आणि संध्याकाळी टीव्हीही इंग्रजी, मग आपली भाषा मुलांच्या कानावर पडायची कधी? मी स्वतः शिकवणारी. घरी एक बोली आणि पुस्तकात दुसरी भाषा असलेली मुलं पहिलीच्या वर्गात कशी गप्प गप्प बसतात, ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे इग्लूलिकच्या आई-बापांचं म्हणणं मला चटकन समजलं.

गंमत बघा, त्याच १९७५ साली आपल्या देशात काय चाललं होतं? १ ऑगस्टपासून ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन, सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम. महाराष्ट्राचा त्यात नंबर लागला नव्हता. पण तिथे एक गोष्ट आधीच ठरवलेली होती, कार्यक्रम त्या त्या भागातल्या लोकांच्या भाषेत करायचे. म्हणजे इग्लूलिकला जे हवं होतं, ते काही अशक्य कोटीतलं नव्हतं.

१९७९ मध्ये पुन्हा मतदान झालं. पुन्हा नको!

आता तुम्ही म्हणाल, ही माणसं जुन्या वळणाची, यंत्रांना घाबरणारी असतील. छे! हीच माणसं कुत्र्यांच्या गाड्या सोडून बर्फावर धावणाऱ्या मोटारी चालवत होती, आणि त्या बिघडल्या तर उणे तीस अंशांत, हातमोजे काढून, स्वतः दुरुस्तही करत होती. आपल्या भाषेत बोलत नसेल तर तो टीव्ही आपल्या घरात नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि ते नुसतं ‘नको’ म्हणून बसलेही नाहीत. १९८० मध्ये इनुइटांच्या संघटनेनं अनिकच्या पुढच्या पिढीतला उपग्रह वापरून एक प्रयोग केला. इनुकशुक त्याचं नाव. सपाट बर्फाळ मुलखात वाट कळावी म्हणून दगडावर दगड रचून जी खूण उभी करतात, तिला इनुकशुक म्हणतात. या प्रयोगात सहा वस्त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांत इग्लूलिकही होतं! एका ठिकाणचं चित्र बाकी सगळीकडे दिसायचं आणि बाकीच्यांना बोलून उत्तर देता यायचं. दूरदूरच्या वस्त्यांतली माणसं एकमेकांशी आपल्या भाषेत बोलत होती. तरुण मुलं-मुली कॅमेरा धरायला, चित्रफीत जोडायला शिकली.

त्यातूनच १९८१ साली इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिचे कार्यक्रम सुरू झाले. कार्यक्रम करणारे इनुइट, भाषा इनुक्टिटुट, विषय घरचे. हे कार्यक्रम दाखवायला वाहिनी मात्र सीबीसीचीच होती. त्यामुळे उरलेली वेळ वाट्याला यायची. बऱ्याचदा रात्री उशिरा, दक्षिणेतले सगळे कार्यक्रम आटोपल्यावर! आपल्या भाषेतली गोष्ट बघायची तर पोरांनी मध्यरात्रीपर्यंत जागायचं. याला काय म्हणावं? तक्रारी झाल्या, अर्ज झाले, आणि दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, उत्तरेतल्या मूळ रहिवाशांना मिळून स्वतःची वाहिनी मिळाली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. १९९९ पासून तिचीच पुढे देशभर दिसणारी वाहिनी झाली.

पण आपण इग्लूलिकला सोडून पुढे आलो. १९८३ मध्ये तिथे तिसऱ्यांदा मतदान झालं. या वेळी गाव ‘हो’ म्हणालं. आता पडद्यावर थोडा वेळ का होईना, आपली माणसं दिसणार होती.

या गावातल्या एका माणसाबद्दल सांगितलंच पाहिजे. झकॅरायस कुनुक. जन्म १९५७ चा. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो आई-वडिलांबरोबर शिकारीच्या मुक्कामांवर हिंडत होता. मग शाळेसाठी त्याला इग्लूलिकला आणलं. गावच्या सभागृहात सिनेमे लागायचे, त्याच्या तिकिटासाठी तो मऊ दगडाच्या छोट्या मूर्ती कोरून विकायचा. मोठा झाल्यावर मूर्तिकार म्हणून त्याचं बरं नाव झालं. १९८१ मध्ये तो मूर्ती घेऊन माँट्रियल शहरात गेला आणि आलेल्या पैशांत त्यानं काय घ्यावं? एक व्हिडिओ कॅमेरा, एक टीव्ही आणि टेप लावायचं यंत्र! ज्या गावानं दोनदा टीव्ही नाकारला, त्या गावात हा टीव्हीचा खोका घेऊन उतरला. त्यावर तो स्वतः काढलेली चित्रं दाखवायचा आणि खिडकीबाहेर पोरांची गर्दी व्हायची.

त्याला हे सुचलं कसं, तेही त्यानं सांगितलंय. वडील आणि त्यांचे सोबती शिकारीहून परतले की चहा घेत बसायचे आणि सगळी हकीकत सांगायचे. कुठे बर्फ फुटलं, प्राणी कुठून आला, काय झालं. कुनुकला वाटलं, हे सांगण्याऐवजी दाखवता आलं तर?

उणे तीस अंशांत कॅमेरा चालवणं म्हणजे खेळ नव्हे. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून ती अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवायची. आणि बाहेरून कॅमेरा एकदम उबदार घरात आणला तर भिंगावर दव साचतं, थंड पाण्याच्या पेल्यावर साचतं ना, तसंच. कुनुक काही वर्षं इनुइट ब्रॉडकास्टिंगमध्ये होता. मग १९९० मध्ये त्यानं मित्रांबरोबर ‘इसुमा’ नावाची संस्था काढली. इसुमा म्हणजे विचार करणं. २००१ मध्ये त्यांचा ‘अतानारजुआत’ हा चित्रपट आला, पिढ्यान्‌पिढ्या इग्लूलिकच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टीवरचा, पूर्णपणे इनुक्टिटुट भाषेतला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, पहिला चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकासाठी जो मोठा पुरस्कार असतो, तो त्याला मिळाला. (पालकांनो, हा मोठ्यांचा चित्रपट आहे, मुलांना दाखवण्याआधी आपण बघावा.)

मुलांसाठी इनुइट ब्रॉडकास्टिंगनं जे केलं, ते मला जास्त आवडतं. १९८० च्या दशकात त्यांनी ‘तकुगिनाई’ हा कार्यक्रम सुरू केला. नावाचा अर्थ ‘इकडे बघा’. त्यात बाहुल्या होत्या, गाणी होती, म्हातारी माणसं येऊन गोष्टी सांगायची. तुमच्या आई-बाबांना बालचित्रवाणी आठवत असेल, सकाळी दूरदर्शनवर लागायची ती. काहीसं तसंच. बाहुल्या कसल्या, तर बर्फाखाली बिळं करून राहणाऱ्या लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्यासुद्धा! बाहुल्यांनी अक्षरंही शिकवली.

आणि ही अक्षरं म्हणजे आपल्या बाराखडीची लांबची बहीणच. इनुक्टिटुट लिहिताना प्रत्येक व्यंजनाला एक आकार असतो आणि स्वर बदलला की तो आकार फिरवायचा, बस. वहीत काढून बघा. छपरासारखं टोक वर केलेलं चिन्ह काढा, तो झाला ‘पि’. तेच चिन्ह उजवीकडे टोक करून काढा, झाला ‘पु’. डावीकडे टोक केलं की ‘पा’. बंद त्रिकोण काढलात तर टोक वर म्हणजे ‘इ’, उजवीकडे ‘उ’, डावीकडे ‘आ’. स्वर लांबवायचा असेल तर डोक्यावर एक टिंब. आणि पाय मोडलेलं अक्षर? ते लहान करून वरच्या कोपऱ्यात लिहायचं. झालं! वेलांटी पहिली की दुसरी, ही भानगडच नाही. हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं म्हणाली, “बाई, आपण पण असंच करू या.”

ही पद्धत १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्यानं कॅनडातल्या क्री लोकांच्या भाषेसाठी बनवली. पुढे ती इनुइटांपर्यंत पोहोचली. इव्हान्सला लघुलेखन येत होतं आणि देवनागरीचीही माहिती असावी, त्यावरूनच त्याला ही युक्ती सुचली, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर आपल्या क-का-कि-कीनं केवढा प्रवास केला, नाही?

एवढं सगळं झाल्यावर भाषा सुखरूप राहिली का? प्रश्न अवघड आहे. नुनावुटमध्ये आजही बहुतेकांची मातृभाषा इनुक्टिटुट किंवा तिची बहीण असलेली बोली आहे, पण घरात ती बोलणाऱ्यांचं प्रमाण जनगणनेगणिक खाली येतंय. मोठ्या गावांत, इकालुइतसारख्या, मुलं आपापसात इंग्रजी बोलताना जास्त आढळतात. आता तर नुसता टीव्ही नाही, हातातला मोबाइल आहे, आणि त्याच्यासाठी कुठल्याही गावानं मतदान घेतलेलं नाही. आपल्याकडेही नाही! कार्टूनमधली हिंदी बोलत जेवायला बसणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत, काय पालकहो?

इग्लूलिकची माणसं मात्र अजून थांबलेली नाहीत. १८ जानेवारी २०२१ रोजी, इसुमाच्याच मंडळींनी पुढाकार घेऊन एक नवी वाहिनी सुरू केली. दिवसभर इनुक्टिटुट भाषेत कार्यक्रम दाखवणारी कॅनडातली ही पहिलीच. चाळीस वर्षांत जमवलेल्या चित्रफितींचा साठा तिच्या कामी आला. शिकारीच्या, गाण्यांच्या, आता हयात नसलेल्या आजी-आजोबांच्या. वाहिनीचं नाव ठेवलंय उवागुत. त्याचा अर्थ ‘आपण’.